दहावी-बारावी न करता बी.ए. आणि पुढे एलएलबी: होतं का?

एका ताईंचा प्रश्न आहे. तो आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. वय ३२. गाव बीड जिल्ह्यात. आई-वडील ऊसतोडीला जायचे, धाकट्या भावंडांना सांभाळता सांभाळता नववीत शाळा सुटली. आता त्या तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात काम करतात. दिवसभर लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून देतात. वकील व्हायचंय. ओळखीतला एक जण म्हणतो, दहावी-बारावीची गरजच नाही, थेट बी.ए.ला बसवतो, तिन्ही वर्षं एका वर्षात काढून देतो, चाळीस हजार लागतील. दुसऱ्या कुणी सांगितलंय की मुक्त विद्यापीठात बारावीशिवाय रीतसर प्रवेश मिळतो. शाळेचा दाखला सापडत नाही. मग बारावीशिवाय बी.ए. करावी का, आणि ती एलएलबीला चालेल का?

ताई, मी बरीच वर्षं मुक्त शिक्षणाच्या अभ्यासकेंद्रावर काम करतो. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन माणसं येतात तेव्हा ती विचारतात, "मला कोण घेईल?" मी त्यांना उलट विचारतो, पदवी हातात आल्यावर ती घेऊन जायचंय कुठे? कारण घेणारे बरेच भेटतात. अडचण पुढच्या दारावर येते, आणि तोवर तीन-चार वर्षं गेलेली असतात. तुम्ही कुठे जायचं ते स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे उत्तर सोपं झालं. बारावीशिवाय पदवीला प्रवेश काही अटींवर मिळू शकतो. पण त्या पदवीवर एलएलबी मिळणार नाही. तुमच्यासाठी दहावी आणि बारावी करणं हाच जवळचा रस्ता आहे. तो लांबचा का वाटतो आणि प्रत्यक्षात का नाही, ते सांगतो.

आधी त्या चाळीस हजारवाल्याचं. तीन वर्षांची पदवी एका वर्षात "काढून" देणारी कोणतीही मान्यताप्राप्त व्यवस्था आपल्याकडे नाही. अशा ठिकाणी दोनपैकी एक गोष्ट निघते. एक तर विद्यापीठच बोगस असतं (यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, अशा विद्यापीठांची यादी जाहीर करते, तीत महाराष्ट्रातलंही नाव आहे), नाहीतर विद्यापीठ खरं आणि गुणपत्रिका मागच्या तारखेची असते. दुसरा प्रकार जास्त वाईट. कागद खरा दिसतो, पडताळणीत मात्र पडतो, आणि मग प्रकरण फसवणुकीच्या गुन्ह्यापर्यंत जाऊ शकतं. वकिलीची सनद घ्यायला निघालेल्या माणसाने या वाटेला जाऊच नये. टोकन म्हणून काही दिलं असेल तर पावती आणि फोनवरचे मेसेज जपून ठेवा.

आता मुक्त विद्यापीठाचं, कारण ते खरं आहे आणि त्याची हेटाळणी करायची नाही. दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झालं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये. शाळा अर्धवट राहिलेल्या माणसाला पुन्हा शिकता यावं हा त्यांच्या स्थापनेमागचा एक मुख्य हेतूच होता. त्यातूनच पूर्वतयारी शिक्षणक्रम आला. शाळेचं प्रमाणपत्र नसेल तर भाषा, गणित, सामाजिक शास्त्रं असा थोडा अभ्यास करायचा, विद्यापीठाची परीक्षा द्यायची आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला बसायचं. यूजीसीच्या १९८५ च्या नियमांतही शाळा न झालेल्या, पण वयाने मोठ्या माणसाला विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेवर पदवीला घेण्याची तरतूद होती. या सोयीने किती गृहिणी, दुकानदार, ड्रायव्हर पदवीधर झाले ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कोणत्या वर्षी कोणत्या शिक्षणक्रमाला ही सोय लागू आहे, हे मात्र त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतल्या "प्रवेश पात्रता" या रकान्यात बघायचं. मागच्या वर्षी शेजारणीला मिळाला म्हणून यंदा मिळेलच असं धरून चालू नका.

खरी मेख वेगळीच आहे. पूर्वतयारी परीक्षा त्या विद्यापीठात प्रवेश मिळवून देते, बारावीची जागा ती घेत नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्वतःच सांगतं की त्यांचा पूर्वतयारी कार्यक्रम १०+२ च्या समकक्ष नाही. त्यामुळे ही पदवी घेऊन तुम्ही दुसरीकडे गेलात की समोरचा माणूस खाली बघतो: बी.ए. आहे, बारावी कुठे आहे? काही ठिकाणी हे विचारत नाहीत. काही ठिकाणी फॉर्ममध्ये दहावीच्या बैठक क्रमांकाशिवाय पुढचं पानच उघडत नाही.

वकिलीच्या बाबतीत तर हे लेखी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे कायदा शिक्षणाचे नियम २००८ सालचे आहेत. त्यातल्या पाचव्या नियमाचा आशय असा: दूरशिक्षणाने बारावी किंवा पदवी घेतलेला उमेदवार कायद्याच्या प्रवेशाला पात्र आहे. पण मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट बारावी, पदवी किंवा पदव्युत्तर पदवी मिळवलेला उमेदवार पात्र नाही. दोन्ही वाक्यं एकत्र वाचा. नियमाचा आक्षेप दूरशिक्षणावर नाही, मधला टप्पा गाळण्यावर आहे. घरी बसून, नोकरी करत, मुक्त पद्धतीने दहावी केली, मग बारावी केली, मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. केली तर ती चालते. पूर्वतयारीवर केलेली बी.ए. अडते. आपल्या राज्याच्या तीन वर्षांच्या एलएलबीच्या प्रवेशातही १०+२+३ हाच क्रम बघतात.

कोर्टांचा कलही याच बाजूचा आहे. पदवी न करता थेट मुक्त विद्यापीठातून एम.ए. केलेल्या तमिळनाडूतल्या एका उमेदवाराची नेमणूक वादात सापडली. अन्नमलाई विद्यापीठाचं ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २००९ मध्ये कोर्टाने ती एम.ए. ग्राह्य धरली नाही. तो निकाल बी.ए. गाळून केलेल्या एम.ए.चा होता, बारावी गाळून केलेल्या बी.ए.चा नव्हे, हा फरक ध्यानात असू द्या. पण त्यानंतर नोकरभरती करणारी खाती पायऱ्या मोजून बघायला लागली, हे मी केंद्रावर येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकतो.

मग पूर्वतयारीचा रस्ता कुणासाठी? ज्यांना पदवी पदवीसाठीच हवी आहे त्यांच्यासाठी. पंचावन्नाव्या वर्षी शिकायची हौस पुरी करणाऱ्या आजींना मी बारावी करा म्हणत नाही. स्वतःचा धंदा असणाऱ्यालाही नाही. नोकरीत बढतीसाठी पदवी हवी असेल तर मात्र आधी आपल्या आस्थापना शाखेला लेखी विचारा की पूर्वतयारीवर केलेली पदवी चालेल का, आणि उत्तरही लेखी घ्या. "साहेब म्हणाले चालेल" याला साहेबांची बदली होईपर्यंतच किंमत असते.

आता तुमचा रस्ता. दहावी करण्याचे तुमच्यापुढे मुख्यतः दोन पर्याय आहेत. एक, राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून, म्हणजे आपण ज्याला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतो तो भरून. दोन, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, सगळे जिला एनआयओएस म्हणतात. ती केंद्र सरकारची आहे, १९८९ पासून चालते, आणि तिचं प्रमाणपत्र सीबीएसई किंवा राज्य मंडळाच्या बरोबरीचं धरतात. तिचं एक विभागीय केंद्र पुण्यात आहे. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. ते पाचवी आणि आठवीच्या परीक्षाही घेतं, म्हणून प्राथमिक शाळाही पूर्ण न झालेल्यांनी तिकडे जरूर बघावं. तुम्ही नववीपर्यंत आलेल्या आहात, तुम्हाला तेवढं मागे जायची गरज नाही.

सतरा नंबर की एनआयओएस, हे ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर आहे. सतरा नंबरचा फायदा म्हणजे पुस्तकं ओळखीची, माध्यम मराठी, गावातली शाळाच संपर्क केंद्र, आणि प्रमाणपत्र बघून गावात कुणी प्रश्न विचारत नाही. तोटा म्हणजे गणित आणि विज्ञान चुकत नाही, सगळे विषय एकदम, आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडावाच लागतो. पंधरा-सोळा वर्षांनी वही उघडणाऱ्या माणसाला बीजगणिताने पहिल्याच महिन्यात घालवलेलं मी अनेकदा पाहिलंय. पोटापाण्याचं काम सांभाळून शिकणाऱ्या मोठ्या माणसाला माझा सल्ला बहुतेक वेळा एनआयओएसचा असतो.

तिथे दहावीला पाच विषय लागतात. त्यांत किमान एक भाषा हवी, दोनपर्यंत घेता येतात. गणित-विज्ञानाची सक्ती नाही. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. नोंदणी ५ वर्षं चालते आणि त्यात परीक्षेच्या ९ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. उत्तीर्ण झालेला विषय सुटला, तो पुन्हा द्यावा लागत नाही. पाचही एकदम झेपत नसतील तर आधी दोन द्या, मग तीन. नववी पास आहात की नापास, याने इथे काही बिघडत नाही. आपल्याला दहावीचा अभ्यास झेपेल असं स्वतःचं हमीपत्र पुरतं.

विषय निवडताना लोक सोपे कोणते ते विचारतात. मी विचारतो, रोज कशाला हात लागतो? तुम्ही दिवसभर टायपिंग करता, तर डेटा एंट्री ऑपरेशन्स हा विषय तिथे आहे, प्रात्यक्षिकासह. गृहविज्ञान आहे. मराठी घ्या, सामाजिक शास्त्र घ्या. इंग्रजी टाळू नका, हे मात्र मी जोर देऊन सांगतो. ती घेतली नाही तरी दहावी होते, पण पुढे कायद्याची पुस्तकं, निकालपत्रं, हायकोर्टाचं सगळं कामकाज इंग्रजीत आहे. आत्ता ३३ टक्क्यांची इंग्रजी जमली तरी तिथून सुरुवात होते. आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी: पुढे डिप्लोमा इंजिनिअरिंग करायचं असेल तर गणित-विज्ञान घ्यावंच लागेल. सोयीसाठी सोडलेला विषय नंतर परत देण्यात वर्ष जातं.

दहावीचं माध्यम मराठी घेता येतं. बारावीला मात्र एनआयओएसमध्ये बरेचसे विषय हिंदी किंवा इंग्रजीतून करायची तयारी ठेवावी लागते. म्हणून माझ्याकडच्या काही विद्यार्थिनी दहावी एनआयओएसमधून करतात आणि बारावी कला शाखेची, मराठीतून, सतरा नंबर भरून राज्य मंडळातून. हा मेळ चांगला बसतो. तुम्हाला हिंदी वाचायला जड जात नसेल तर बारावीही एनआयओएसमधूनच करा. तिथे राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास आहेत आणि "कायद्याची ओळख" असा विषयही आहे. तुम्ही रोज जी प्रतिज्ञापत्रं टाइप करता त्यातल्या "सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की" या वाक्यामागे काय असतं, ते पहिल्यांदा पुस्तकात वाचायला मिळेल.

वेळेचा हिशेब करू. दहावी मनावर घेतली तर वर्षभरात होते. दहावी आणि बारावी यांच्यात दोन वर्षांचं अंतर लागतं, ते कुणालाही चुकत नाही. म्हणजे तीन वर्षं. बारावीनंतर तुमच्यापुढे पुन्हा दोन फाटे: पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, किंवा मुक्त विद्यापीठातून तीन वर्षं बी.ए. आणि मग तीन वर्षांची एलएलबी. पहिल्याने एकूण आठ, दुसऱ्याने नऊ वर्षं. पूर्वतयारीवाली बी.ए. चार वर्षांच्या आसपास झाली असती, पण तिथून तुमचा रस्ता बंद. मग पुन्हा दहावीला बसायचं.

आठ-नऊ वर्षं ऐकून छातीत धस्स होईल. पण या दोन फाट्यांत एक मोठा फरक आहे, तो आत्ताच समजून घ्या. कायद्याचं शिक्षण दूरशिक्षणाने होत नाही, बार कौन्सिल ते मान्य करत नाही. कॉलेजला जावंच लागतं आणि ७० टक्के हजेरीचा नियम आहे. म्हणजे पहिल्या फाट्याने पाच वर्षं रोज कॉलेज, दुसऱ्याने फक्त तीन. दुकानातलं काम सोडणं परवडत नसेल तर एक वर्ष जास्त लागलं तरी दुसरा फाटा तुमच्या सोयीचा. बी.ए.ची तीन वर्षं कमावता येतं, पैसा साठवता येतो. सकाळच्या सत्रात वर्ग भरणारी कायद्याची कॉलेजं मोठ्या शहरांत आहेत. तुमच्या जिल्ह्यात काय वेळा आहेत ते जाऊन विचारा, फोनवर नीट सांगत नाहीत.

आणखी दोन गोष्टी. पाच वर्षांच्या प्रवेशाला बारावीत आणि तीन वर्षांच्या प्रवेशाला पदवीत खुल्या गटाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. तेव्हा ३३ टक्क्यांवर समाधान मानू नका. एनआयओएसमध्ये विषय सुटल्यावरही गुण वाढवायला पुन्हा बसता येतं. दुसरं, प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या कायदा सीईटीतून होतात. ती परीक्षा मराठीतही देता येते आणि तिला वयाची वरची मर्यादा नाही. चाळिशीतली माणसं वर्गात असतात, लाजायचं कारण नाही.

आतापर्यंतचं एका दमात: पूर्वतयारीवर बी.ए. नको, एनआयओएसची दहावी, मग बारावी इथून किंवा तिथून, मग मुक्त विद्यापीठाची बी.ए., मग सीईटी आणि एलएलबी. आता कागदांकडे येतो, कारण माणसं अभ्यासापेक्षा कागदांवर जास्त अडकतात.

शाळेचा दाखला हरवला असं तुम्ही लिहिलंय. मला शंका आहे की तो तुम्ही कधी घेतलाच नसेल. नववीत जाणं बंद झालं की शाळा काही महिने वाट बघून पटावरून नाव कमी करते. दाखल्यावर "शाळा सोडल्याचे कारण" या रकान्यात तेव्हा "सतत गैरहजर" असं लिहिलेलं असतं. ते वाचून वाईट वाटून घेऊ नका, त्याने कुठेही प्रवेश अडत नाही. शाळेत जाऊन कोणत्या साली कोणत्या इयत्तेत होता ते सांगा आणि लेखी अर्ज द्या. क्लार्क जनरल रजिस्टर काढतो, त्यात तुमचा नंबर, आईचं नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव सगळं एका ओळीत सापडतं. पूर्वी दाखला दिल्याची नोंद असेल तर प्रतिज्ञापत्र घेऊन दुय्यम प्रत देतात, नसेल तर मूळ दाखलाच मिळतो. शाळा बंद पडली असेल तर तिचं दप्तर कुठे आहे हे गटशिक्षणाधिकारी किंवा माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारायचं. तोंडी विचारू नका. अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

एनआयओएसला जन्मतारखेसाठी जन्मदाखला किंवा आधारही चालतो, मग शाळेचा दाखला हवाच कशाला, असं वाटेल. हवा, कारण पुढे जातीचं प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी लागली तर समिती शाळेच्या जुन्या नोंदी मागते. सतरा नंबरने बारावी करायची ठरली तरी सोडल्याचा दाखला लागतोच. पण दाखला मिळेपर्यंत प्रवेश थांबवू नका. दोन्ही कामं बरोबर चालू द्या. आणि एनआयओएसची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर गुणपत्रिकेबरोबर स्थलांतर नि बदली असं एकच प्रमाणपत्र मिळतं. कॉलेजचा क्लार्क "एलसी आणा" म्हणाला तर तेच दाखवायचं. काही क्लार्क ते बघून आधी नाही म्हणतात. पुढे विद्यापीठाच्या पात्रता विभागाला हेच लागतं, तेव्हा शांतपणे वरच्या अधिकाऱ्याकडे जा.

नावाचा प्रश्न बायकांना फार छळतो. शाळेत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव येतं ते पुढच्या सगळ्या शिक्षणाला चिकटतं, म्हणून फॉर्म भरायच्या आधी ठरवा. जातीचा दाखला वडिलांच्या नोंदींवरून निघत असेल तर शिक्षण माहेरच्या नावाने ठेवावं आणि सासरच्या नावाशी जोडायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र, गरज पडली तर राजपत्रातली नोंद वापरावी, असा माझा कल आहे. सगळे कागद आधीच सासरच्या नावाने झालेले असतील आणि आरक्षणाचा प्रश्न नसेल तर उलटही चालेल. दोन्हीचं मिश्रण मात्र करू नका. माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती, दहावी माहेरच्या नावाने, बारावी सासरच्या, आधारवर नुसतं नाव आणि आडनाव. प्रवेशाच्या वेळी ती आठवडाभर नोटरीकडे आणि सेतू केंद्रात फिरत होती, आणि अभ्यासात ती वर्गातल्या बऱ्याच जणांच्या पुढे होती.

जन्मतारखेचंही तसंच. जन्मदाखल्यावर एक आणि शाळेच्या रजिस्टरात दुसरी असेल तर दहावीचा फॉर्म भरायच्या आधी मिटवा. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर तारीख छापून आली की ती बदलायला फार त्रास होतो.

फॉर्म स्वतः भरा. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही रोज दुसऱ्यांचे भरता. तरी सांगतो, कारण एजंटांची खेळी ठरलेली असते: नोंदणी करताना ते स्वतःचा मोबाईल नंबर आणि ईमेल टाकतात. मग ओटीपी त्यांच्याकडे जातो, तुमचं खातं तुम्हालाच उघडत नाही, आणि हॉल तिकिटापासून गुणपत्रिकेपर्यंत प्रत्येक कागदाला ते पैसे मागतात. दुसरी फसगत म्हणजे प्रवेश शुल्क आणि परीक्षा शुल्क वेगळं असतं. प्रवेश झाला म्हणजे परीक्षेला बसता येईलच असं धरून बसणारे दर परीक्षेला भेटतात. परीक्षेच्या काही महिने आधी संकेतस्थळावर जाऊन प्रत्येक विषयाचं शुल्क वेगळं भरावं लागतं. तिसरं, गृहपाठ. एनआयओएसमध्ये अभ्यास केंद्राला द्यायच्या या गृहपाठांना २० टक्के भार आहे. मुदतीत दिला नाही तर ते गुण हातचे गेले, आणि ४५ टक्क्यांच्या हिशेबात ते भारी पडतं.

बी.ए.च्या वेळी विद्यापीठाची दूरशिक्षणाची मान्यता त्या सत्रासाठी चालू आहे का, ते यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर बघा. प्रवेशासाठी तिथे स्वतःचा डीईबी-आयडी, म्हणजे त्या मंडळाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. तो न मागता कुणी दूरशिक्षणाचा प्रवेश देत असेल तर तिथून निघा.

याच प्रश्नाखाली बाकीच्यांनीही विचारलंय, त्यांना दोन-दोन ओळींत. दहावी झालीय आणि तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आहे, त्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बारावीशिवाय प्रवेश मिळतो, हा राजमार्ग आहे. आयटीआय झालेल्यांनी एनआयओएसमध्ये किंवा राज्य मंडळात भाषेचा पेपर देऊन समकक्षता मिळते का ते बघावं, त्यांचं पुष्कळ काम आधीच झालेलं असतं. मुलीला डॉक्टर व्हायचंय आणि ती एनआयओएसमधून बारावी करतेय, म्हणून काळजीत असलेल्या पालकांसाठी: मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना नीट परीक्षेपासून अडवणारी तरतूद दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्येच रद्द केली आहे. परदेशातल्या शाळेतून परतलेल्या मुलांनी आधी भारतीय विद्यापीठ संघाचं समकक्षता प्रमाणपत्र काढावं.

ताई, अभ्यासाला सोबत हवी असेल तर शिक्षण सुटलेल्या मुली-बायकांना दहावीला बसवणारे संस्थांचे वर्ग काही जिल्ह्यांत चालतात. "प्रथम" संस्थेचा सेकंड चान्स हा कार्यक्रम त्यातलाच. तुमच्या जवळ आहे का ते विचारा. नसेल तर एनआयओएसची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. सामाजिक शास्त्राच्या पहिल्या पुस्तकाची सुरुवातीची काही पानं दुकानातल्या प्रिंटरवर काढा आणि रात्री वाचून बघा. किती समजलं आणि कुठे अडलं ते इथेच लिहा, म्हणजे पहिल्या परीक्षेला किती विषय घ्यायचे ते ठरवता येईल.